वयाचा ताळेबंद

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



शाळेच्या साठाव्या वर्षी याच सभागृहात उभे राहून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी कृतज्ञ आहे. संयोजकांनी मला दिलेला विषय होता, 'सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन'. मी त्यात किंचित बदल करण्याची परवानगी मागितली. 'विद्यार्थी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बारावीची मुले येतात. माझ्या कार्यालयात चौकशीसाठी येणाऱ्यांत मात्र बारावीची मुले असतात, त्यांना सोबत घेऊन आलेल्या आया असतात आणि कधीकधी बँकेतून निवृत्त झालेले आजोबाही असतात. आधी सगळेच मुलांसाठी विचारतात. जाता जाता दारापाशी थांबून एखादी आई हळूच विचारते, ''मला आता जमेल का हो?'' आज मी प्रामुख्याने त्या दारापाशी विचारलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

हा प्रश्न बडोद्यात विचारला जावा, हे उचितच आहे. हिशेब आणि शिक्षण या दोन्ही गोष्टींची या नगरीला जुनी ओळख आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण राज्यात लागू केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २० जुलै १९०८ रोजी, त्यांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. पुढे १९४९ साली येथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले, आणि त्याच वर्षी १ जुलै रोजी चार्टर्ड अकौंटंट्स कायदा अमलात येऊन आपल्या देशातील सनदी लेखापालांची संस्था अस्तित्वात आली. आपल्यापैकी कितीतरी घरांत कोणी बँकेत, कोणी विद्यापीठात, कोणी कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली. दिवाळीत चोपडापूजन करणाऱ्या गुजराती शेजाऱ्यांच्या पंगतीला आपण बसलो. हिशेबाची वही या गावात परकी नाही.

या परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही. २०२१ साली मध्य प्रदेशातील मुरैना येथील एकोणीस वर्षांची मुलगी अंतिम परीक्षेत देशात पहिली आली. २०२५ साली जयपूरचे एक निवृत्त बँक अधिकारी वयाच्या ७१व्या वर्षी तीच अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांची नात या अभ्यासक्रमाकडे वळली, तेव्हा तिला शिकवता शिकवता त्यांनीही अभ्यासाला सुरुवात केली, असे तेव्हा वाचनात आले होते. या दोन बातम्यांनी सर्वांना आनंद झाला. मात्र अशा बातम्यांचा एक दुष्परिणाम असतो. आपण त्या टोकांकडे पाहून टाळ्या वाजवतो आणि मधल्या अठ्ठावीस, अडतीस, अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने काय करावे, हे सांगायचे राहून जाते. 'वय हा केवळ आकडा आहे' हे वाक्य आकड्यांशी आयुष्य काढलेल्या माणसाला पटत नाही. आकड्याला अर्थ असतो. प्रत्येक वयाची काही मालमत्ता असते, काही देणी असतात. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी आपल्या वयाचा ताळेबंद प्रामाणिकपणे मांडावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

त्यासाठी प्रथम ही परीक्षा आपल्याकडून काय मागते, ते पाहू.

तिचे टप्पे तीन : फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल. बारावीनंतर येणाऱ्याला फाउंडेशनचे चार पेपर द्यावे लागतात. वाणिज्य शाखेचा ५५ टक्के गुण मिळवलेला पदवीधर आणि अन्य शाखांचा ६० टक्के गुण मिळवलेला पदवीधर थेट इंटरमिजिएटला नोंदणी करू शकतो. म्हणजे ज्यांची पदवी वीस वर्षांपूर्वी झाली आहे, त्यांना सतरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभे राहण्याची गरज नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. इंटरमिजिएट आणि फायनल या दोन्ही टप्प्यांत तीन-तीन पेपरांचे दोन गट असतात. २०२३ सालच्या नव्या योजनेनुसार दोन्हींच्या मध्ये दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालची प्रत्यक्ष उमेदवारी असते. बारावीनंतर फाउंडेशनच्या अभ्यासाचे चार महिने, इंटरमिजिएटचे आठ, आर्टिकलशिपचे चोवीस आणि फायनलपूर्वीचे सहा असे बेचाळीस महिने धरले, तर कोठेही न अडखळता पुढे जाणारा विद्यार्थी एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी सनदी लेखापाल होतो. पण ही गोष्ट 'न अडखळता' जाणाऱ्याची झाली. अडखळणे हा या वाटेचा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि त्याचे कारण उत्तीर्णतेच्या नियमात आहे.

प्रत्येक पेपरात किमान ४० गुण हवेत आणि शिवाय गटाच्या एकूण गुणांपैकी ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० हवेत. समजा, एखाद्याला ४८, ४७ आणि ४६ गुण मिळाले. तीनही विषयांत तो उत्तीर्ण आहे. पण बेरीज होते १४१, आणि गटाचा निकाल 'अनुत्तीर्ण' असा लागतो. याउलट, एका पेपरात ६० किंवा अधिक गुण मिळाले आणि गट मात्र राहिला, तर त्या विषयाची सूट मिळते आणि पुढील तीन परीक्षांत तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. पालकांनी हा नियम नीट समजून घ्यावा, ही माझी विनंती आहे. निकालाच्या दिवशी घरात 'नापास' हा एकच शब्द उच्चारला जातो. वस्तुतः त्या गुणपत्रिकेत मुलाने कमावलेले काही असते आणि पुढच्या खेपेस कोठे जोर लावावा याची स्पष्ट खूण असते. गुणपत्रिका वाचता आली पाहिजे. ताळेबंदाची फक्त शेवटची ओळ पाहून कोणी व्यवसायाचे मूल्य ठरवत नाही.

आता वयांकडे वळू.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची मोठी मालमत्ता म्हणजे वेळ आणि पाठांतराची ताकद. दिवसाचे दहा तास त्यांच्या स्वाधीन असतात आणि घर चालवण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर असते. पण त्यांच्या देण्याच्या बाजूलाही एक मोठी रक्कम आहे : निर्णय पुष्कळदा त्यांचा नसतो. काकांचे कार्यालय आहे, शेजारचा मुलगा झाला आहे, विज्ञानशाखेला गुण कमी पडले आहेत, अशा कारणांनी हा मार्ग त्यांच्या हाती दिला जातो. पहिल्या दोन अपयशांपर्यंत तो उसना उत्साह पुरतो. तिसऱ्या वेळी स्वतःचे असे कारण लागते. म्हणून पालकांना मी सुचवतो, की फाउंडेशनची नोंदणी करण्यापूर्वी मुलाला एखाद्या लेखापालाच्या कार्यालयात चार दिवस बसू द्या. व्हाउचरांचे गठ्ठे, बँकेच्या पासबुकाशी जुळवायच्या नोंदी, विवरणपत्राच्या मुदतीआधीची धावपळ त्याला पाहू द्या. ते पाहून ज्याचे कुतूहल वाढते, त्याने यावे. आणि सोबत नियमांच्या चौकटीत पदवीही पूर्ण करावी. हातात पदवी असलेला मुलगा परीक्षेला निर्भयपणे बसतो.

दुसरा गट अठ्ठावीस ते चाळीस या वयाचा. यात आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी मोठ्या संख्येने आहेत, हे मी जाणतो. कोणाचे इंटरमिजिएट झाले, आर्टिकलशिपही झाली, मग लग्न झाले, गाव बदलले, मुले झाली आणि फायनलची पुस्तके माळ्यावर गेली. अशा भगिनींना मला मुद्दाम सांगावेसे वाटते, की पूर्ण केलेली आर्टिकलशिप ही तुमची कायमची कमाई आहे. नोंदणीचे नूतनीकरण आणि नव्या अभ्यासक्रमात प्रवेश ही कामे करावी लागतात. पण आपण शून्यापासून सुरुवात करत नाही. मद्रासच्या आर. शिवभोगम या आपल्या देशातील पहिल्या महिला लेखापाल. त्यांनी १९३३ साली लेखाशास्त्राची परीक्षा दिली, तीही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगल्यानंतर. खंड पडलेले शिक्षण पुन्हा हाती घेण्याची परंपरा या व्यवसायात त्याच्या आरंभापासून आहे.

या वयाची तूट वेळेची असते, आणि ती एकट्या व्यक्तीने भरून निघत नाही. 'पहाटे लवकर उठून अभ्यास करावा' असा सल्ला देणे सोपे आहे. पण पहाटे उठणाऱ्या बाईच्या डोक्यात डबा, दूध आणि मुलाचा गणवेश असतो. घरातील इतरांनी कोणती कामे पूर्णपणे आपल्याकडे घ्यायची, हे आधी ठरले पाहिजे. 'मदत करतो' म्हणणे पुरेसे नाही. मदत करणाऱ्याला प्रत्येक वेळी सांगावे लागते, आणि सांगण्यातही शक्ती जाते. परीक्षेपूर्वीचे तीन महिने सासूबाईंनी किंवा पतिराजांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले, तर ते भांडवल कोणत्याही महागड्या शिकवणीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

तिसरा गट पंचेचाळीसच्या पुढचा. येथे स्मरणशक्तीची चिंता सर्वाधिक व्यक्त होते. ती अगदी निराधार नाही. कलमांचे क्रमांक लक्षात ठेवण्यात तरुण पुढे जातात. पण अनुभवाचे पारडेही हलके नसते. बँकेच्या कर्जाचे उदाहरण घ्या. मुद्दल किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले, की मुदतकर्ज अनुत्पादित ठरते, हे विद्यार्थी पाठ करतो. पंचवीस वर्षे शाखेत बसलेल्या माणसाने ते ९० दिवस प्रत्यक्ष पाहिलेले असतात. मार्चअखेर खाते कसे तात्पुरते 'नियमित' दाखवले जाते, एप्रिलमध्ये लेखापरीक्षक आल्यावर कोणती फाइल पुढे येते आणि कोणती मागे राहते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. फायनलचा सहावा पेपर आता अनेक विषयांना एकत्र गुंफणाऱ्या प्रकरणांवर आधारलेला असतो आणि त्यात पुस्तके जवळ ठेवून उत्तरे लिहिता येतात. तेथे पाठांतराहून तारतम्याची परीक्षा होते.

मग या वयाची खरी अडचण कोणती? ती आर्टिकलशिपची आहे. ही दोन वर्षे पूर्णवेळ द्यावी लागतात. त्या काळात दुसरी नोकरी करता येत नाही आणि मिळणाऱ्या विद्यावेतनावर संसार चालत नाही. शिवाय तीस वर्षांच्या प्रमुखाला 'सर' म्हणावे लागते आणि आपल्या मुलाच्या वयाच्या सहकाऱ्याकडून व्हाउचर कसे तपासायचे ते शिकावे लागते. ज्याची नोकरी संपली आहे, निवृत्तिवेतन सुरू आहे आणि मानापमानाची धार बोथट झाली आहे, त्याला हे जमते. ज्याच्या डोक्यावर गृहकर्जाचे हप्ते आहेत आणि मुलगी महाविद्यालयात आहे, त्याने दोन वर्षांच्या घरखर्चाची तरतूद केल्याखेरीज राजीनामा देऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. त्याच्यासाठी अन्य वाटा आहेत. बँकेत असणाऱ्यांना इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात. कारखान्याच्या हिशेब खात्यात असणाऱ्यांना कॉस्ट अकौंटन्सीचा अभ्यास जवळचा वाटेल. आपल्या ताळेबंदाला झेपेल ती वाट निवडणे हा विवेकच आहे.

पालकांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो आणि तो या सभागृहात उघडपणे बोलला पाहिजे : मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाचे या क्षेत्रात कसे होणार? ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. कायदे, लेखामानके आणि कार्यालयीन व्यवहार बहुतांशी इंग्रजीत आहेत. म्हणून इंग्रजी वाचण्या-लिहिण्याचा कसून सराव केलाच पाहिजे; त्याला पर्याय नाही. पण समजून घेण्याच्या पायरीवर आपली भाषा केवढा आधार देते, हे मी प्रतिदिन अनुभवतो. 'डेप्रिसिएशन'ची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला 'घसारा' म्हटले की कळते. वस्तू वापराने घासते, झिजते आणि तिचे मूल्य उतरते, सारे त्या एका शब्दात आले. आपल्या गुरुजनांनी प्राथमिक वर्गात गणित सोडवल्यावर ताळा करून पाहायला शिकवले; 'ताळेबंद' या शब्दात तोच ताळा आहे. कीर्द, खतावणी, तेरीज, नावे, जमा, ऋणको, धनको हे शब्द ज्याच्या कानावर आहेत, त्याच्यासाठी लेखाशास्त्र परक्या देशातून आलेले नाही. मराठीत समजावे आणि इंग्रजीत लिहावे. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाचे वर्ग विरळ होत चालले आहेत, याची खंत आपण सारे बाळगतो. ज्यांनी या वर्गांत मुलांना घातले, त्यांनी त्यांचे काही नुकसान केले नाही, हे मी व्यवसायाच्या अनुभवाने सांगू शकतो.

वयाच्या प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक बाजू आहे. या व्यवसायात शिक्षण संपलेला माणूस नसतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा उत्पादन शुल्क आणि विक्रीकरात मुरलेल्या ज्येष्ठांनी नव्याने वही उघडली. १९६१च्या आयकर कायद्याची जागा आता २०२५चा नवा आयकर कायदा घेत आहे आणि त्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. चाळीस वर्षे ज्यांना जुनी कलमे क्रमांकासह पाठ होती, तेही बावीस वर्षांच्या मुलाशेजारी बसून नवे क्रमांक शिकत आहेत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अभ्यास सुरू करणाऱ्याला 'आता कुठे' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की सनद मिळवलेले लोकही त्या वयात अभ्यासच करत असतात.

शेवटी पालकांना आणि कुटुंबीयांना दोन शब्द. आपल्या समाजात 'अटेम्प्ट' मोजण्याची एक वाईट सवय जडली आहे. लग्नसमारंभात, गणेशोत्सवाच्या मंडपात, जिन्यात भेटल्यावर पहिला प्रश्न येतो : ''झालं का? कितवा अटेम्प्ट?'' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याला विचारले जाते, तो पुढच्या समारंभाला येत नाही. काही मुले वर्षानुवर्षे कोणत्याच समारंभाला येत नाहीत, आणि खोलीत कोंडून घेतलेल्या मुलाचा अभ्यास होत असतो, असा गैरसमज घर करून बसतो. सदस्यत्वाच्या प्रमाणपत्रावर धारकाचे वय लिहिलेले नसते आणि कितव्या प्रयत्नात यश मिळाले, तेही नसते. जे परीक्षा घेणाऱ्यांनी लिहून ठेवले नाही, ते आपण पाठ करून ठेवू नये. एखाद्याने विचारपूर्वक हा मार्ग सोडला, तर त्या निर्णयाचाही मान राखावा. इंटरमिजिएटपर्यंत शिकलेला, आर्टिकलशिप केलेला माणूस कोणत्याही संस्थेच्या हिशेब विभागाला हवा असतो. त्याला घरात मात्र 'राहिलेला' म्हटले जाते. हा शब्द आपण सोडून देऊ या.

शाळेकडे माझी एक विनंती आहे. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत शाळेतील एक वर्ग अभ्यासिका म्हणून उघडा ठेवावा. तेथे कोणत्याही वयाच्या माजी विद्यार्थ्याला, विद्यार्थिनीला आणि पालकाला शांतपणे बसता यावे. लहान घरांत अभ्यासाला कोपरा मिळत नाही, आणि चाळिशीच्या माणसाला ग्रंथालयात मुलांमध्ये बसण्याचा संकोच वाटतो. आपल्या शाळेच्या बाकावर तो वाटणार नाही. आम्ही काही माजी विद्यार्थी व्यवसायात आहोत. अभ्यासिकेसाठी चालू अभ्यासक्रमाची पुस्तके देण्याची आणि आठवड्यातून एक संध्याकाळ शंकानिरसनासाठी येण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने घेऊ. विश्वस्त मंडळाने या सूचनेचा विचार करावा, ही नम्र प्रार्थना.

ज्या गुरुजनांनी आम्हाला उत्तर आल्यावरही ताळा करून पाहायला शिकवले, त्यांना वंदन करतो.